पोह्यातली बडीशेप: खाद्यजत्रेच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी खाद्यजत्रेचे सर्व आयोजक,
इंदूर.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

यंदाच्या जत्रेचे अर्ज निघाले आहेत, म्हणून हे पत्र. अर्जाला जोडलं असतं तर ते फायलीत जाऊन बसलं असतं, म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

मागच्या वर्षी माझा अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'पदार्थ महाराष्ट्रीय नाहीत.' मी मागितली होती एका टेबलाची जागा, आणि पदार्थ लिहिले होते तीन: भुट्ट्याचा कीस, उसळ-पोहे आणि तळलेले गराडू (हा एक कंद). दुसऱ्या दिवशी तुमच्यातल्याच एका मुलाचा फोन आला. मुलगा गुणी आहे, बोलतोही गोड. म्हणाला, "काकू, राग मानू नका. तुमच्या हाताची चव सगळ्या रामबागेला माहीत आहे. पण हे काही आपले पदार्थ नाहीत ना, हे तर इथले झाले. तुम्ही थालीपीठ का नाही ठेवत?"

हे तर इथले झाले! मग मी कुठली झाले, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं. माझं माहेर देवासचं. तिथल्या पवार राजांच्या पदरी कोणी पूर्वज कारकुनी करायला आला आणि तेव्हापासून आम्ही माळव्यातच आहोत. लहानपणी मे महिन्यात मामाच्या गावाला जायचो ते धारला. पुण्यात माझं कोणी नाही. मराठी आम्ही घरात बोलतो, तिकडचे पाहुणे ती ऐकून गालात हसतात आणि "काकू, काय करून राहिल्या?" म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. बोलीत हिंदी आली तशी ती कढईतही आली, त्यात लपवायचं काय?

थालीपीठ मी ठेवलं नाही. जत्रेला मात्र आले, गिऱ्हाईक म्हणून. मला नाकारलेल्या जागी चीज वडापाव आणि चॉकलेट मोदक होते. मोदक खाऊन पाहिला, अगदीच वाईट नव्हता. शेजारी मठ्ठा-जिलबी, पलीकडे मिसळ, आणि प्रवेशद्वारावर मोठा फलक: 'सांबार? तोही आपलाच!' तो फलक वाचला तेव्हाच ठरवलं की या मंडळींना एकदा सविस्तर लिहायचं.

तुमच्या नियमावलीत 'अस्सल' हा शब्द चार वेळा आला आहे. (तो मूळचा अरबी, हे जाता जाता.) त्या शब्दाच्या चाळणीतून तुमचेच पदार्थ एकदा गाळून बघू.

वडापावापासून सुरू करते, कारण त्याच्या जन्माचा अंदाज तरी आहे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो १९६६ च्या सुमाराला सुरू झाला, असं मुंबईकर सांगतात. माझा जन्म १९६० चा. म्हणजे तुमचा अस्सल पदार्थ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा आहे. त्यातला पाव पोर्तुगीजांचा, शब्दासकट. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातली, तीही त्यांच्याच जहाजांवरून आलेली. उरलं बेसन, ते साऱ्या देशाचं. तरीही वडापाव मराठीच आहे, याबद्दल माझा काडीचा वाद नाही. पाळी संपवून निघालेल्या गिरणी कामगाराला लोकल पकडता पकडता एका हातात धरून खाता आला, खिशाला परवडला, आणि मुंबईच्या मराठी माणसाने तो आपला म्हटला. एवढ्यावर जर तो आपला झाला, तर भुट्ट्याच्या किसाने काय घोडं मारलंय?

मका अमेरिकेचा, कबूल. पण पावसाळ्यात माळव्याच्या रस्तोरस्ती कणसांचे ढीग लागतात. कणीस किसायचं, तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची तडतडवायची, त्यावर कीस परतायचा, दूध घालून मंद आचेवर आटवायचा, आणि वाढताना वरून खोबरं-कोथिंबीर. आता मला सांगा, मोहरी-हिंगाची फोडणी आणि वरून खोबरं-कोथिंबीर ही कोणाच्या हाताची सवय? आणि नाव बघा. बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस, त्याच पंगतीत भुट्ट्याचा. हा पदार्थ मराठी घरातून सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेला की सराफ्यातून मराठी घरात आला, याचा कागद माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नाही. आमची किसणी मात्र पणजीच्या वेळची आहे.

पोह्यांचं भांडण तर माझ्या स्वतःच्या घरातलं. सासूबाई वाईच्या. १९५६ साली लग्न होऊन इंदुरात आल्या, पण त्यांचे पोहे वाईचेच राहिले. मी १९८४ मध्ये या घरात आले आणि पहिल्याच रविवारी आमच्या पद्धतीचे पोहे केले. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप, हळद, अंगाबरोबर साखर. कांदा फोडणीत नाही. झालेले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायचे, म्हणजे तास-दोन तास वाफेवर मऊ राहतात. ताटलीत वाढल्यावर वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि चिमूटभर जीरावन मसाला. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला, आणि शांतपणे विचारलं, "जेवणानंतरची बडीशेप आधीच का घातलीस?"

पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे रविवारी दोन पातेली चढायची. त्यांच्या पातेल्यात कांदा फोडणीत गुलाबी परतलेला, शेंगदाणे, वरून ओलं खोबरं. माझ्यात बडीशेप. मुलं दोन्हीकडे हात मारायची. मग कधी ते लक्षात नाही, पण एकदा वाईला बहिणीकडे निघाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते तुझं जीरावन अर्धा किलो बांधून दे. तिला आवडतं." 'तिला' हा शब्द त्यांनी जरा जोरात उच्चारला. भाजलेलं जिरं, धने, बडीशेप, लवंग, दालचिनी, सुंठ, आमचूर, हिंग, काळं मीठ असं कुटलेलं ते जीरावन पुढे त्यांच्या ताकातही दिसायला लागलं. शेवटच्या आजारपणात तोंडाला चव नव्हती तेव्हा पेजेवर मागायच्या.

आता सांगा, या दोन पातेल्यांतलं अस्सल कुठलं? आणि हो, ज्या भातापासून पोहे होतात तो आमच्या काळ्या मातीचं मुख्य पीक कधीच नव्हता. छत्तीसगडातलं भाटापारा पोहे-गिरण्यांचं गाव, आणि इथे जवळ उज्जैनला पोहा-परमलचे कारखाने. परमल म्हणजे आपले मुरमुरे. इंदूरची ओळख म्हणून जगभर मिरवणारा पदार्थ बाहेरच्या धान्यावर उभा आहे आणि त्याला त्याची लाज नाही.

बरं, पोहे एवढ्यावर संपतात का? बिहारात संक्रांतीला दही-चूडा खातात, सोबत तिलकुट. आसामात चिरा दही-गुळाबरोबर, बिहूला तर हवाच. बंगालात त्यांचा मटार-शेंगदाण्यांचा पुलाव होतो. ओडिशात तूप, नारळ, साखर घालून हाताने चोळतात, म्हणून नावच चुडा घसा. कर्नाटकात अवलक्की भरडून चिंचेच्या कोळात भिजवली की गोज्जु अवलक्की. केरळात गूळ-नारळात घोळतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी पोह्यांचे चार-पाच प्रकार मांडतात: ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट, गोड. कोकणात ते नुसते दडपून ठेवतात, शिजवावेसुद्धा लागत नाहीत. भिजवून, भाजून चपटा केलेला तोच एक तांदूळ! एकाही गावाने दुसऱ्याला विचारलं नाही की आम्ही असं केलं तर चालेल का.

साबुदाण्याची खिचडी तुमच्या जत्रेत 'पारंपरिक उपासाचे पदार्थ' या पाटीखाली होती. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, येतो तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने. तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही अटलांटिकच्या पलीकडचे, पोर्तुगीजांनंतर आलेले. तूप-जिरं तेवढं जुनं. ज्ञानोबांच्या काळातल्या वारकऱ्याला ही खिचडी वाढली असती तर त्याने विचारलं असतं, हे काय आहे? शेजारच्या भाभी आमच्याकडे एकादशीला आल्या की अजून दचकतात, "तुमच्यात उपासाला साधं मीठ चालतं?" त्यांच्यात सैंधवच लागतं. आणि त्या कुट्टूच्या पुऱ्या करतात तेव्हा मी दचकते, कारण आमच्याकडे वऱ्याचे तांदूळ. देव एकच, नियम दोन भिंतींच्या दोन बाजूंना वेगळे. वरून या गावाची तऱ्हा अशी की इथे साबुदाण्याची खिचडी उपास नसतानाच जास्त खपते. सराफ्यात जवाहिऱ्यांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांवर, रात्री बाराला, वर मिक्श्चर पेरून.

आता त्या सांबाराच्या फलकाकडे येते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: तंजावरच्या मराठी राजवाड्यात आमटीला आमसूल संपलं, चिंच घातली, पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांवरून नाव पडलं. गोष्ट गोड आहे, पुरावा कोणी दाखवत नाही. तरी क्षणभर खरी मानू. म्हणजे तंजावरला गेलेल्या मराठी माणसाने तिथली चिंच घातली आणि जे झालं ते 'आपलंच'. इंदूरला आलेल्या मराठी माणसाने आमसूल मिळेना म्हणून आमचूर घातलं आणि जे झालं ते 'इथलं'. हा न्याय कुठला? तंजावर लांब आहे म्हणून गोड वाटतं का?

तंजावरचा खरा अभिमान बाळगायचा तर दुसरा आहे. सतराव्या शतकात तिथल्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्यात जिलबीची कृती आहे. जिलबी हे नाव अरबी-फारसी 'झुलाबिया'चं. म्हणजे एका मराठी पंडिताने तमिळ मुलखात बसून, संस्कृतात, पश्चिमेकडून आलेल्या मिठाईची कृती लिहून ठेवली. त्याला 'अस्सल' हा प्रश्न पडला नसावा. तुमच्याकडे ती मठ्ठ्याबरोबर मराठी होते, आणि माझ्या ताटलीत पोह्यांबरोबर आली की परप्रांतीय. धन्य आहे.

उसळ-पोह्यांबद्दल फार लिहीत नाही. मटकीची किंवा वाटाण्याची तर्रीदार उसळ पोह्यांवर ओतली की ते उसळ-पोहे. फरसाणावर ओतली की तुमची मिसळ. बडोद्याला हीच उसळ शेव घालून खातात आणि सेव-उसळ म्हणतात, गुजराती माणूससुद्धा 'तरी' हा शब्द तसाच वापरतो. 'अस्सल मिसळ' असा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला हसू कसं आलं नाही, कोण जाणे.

बाफल्याचं मात्र लिहायलाच हवं, जरी तो माझ्या अर्जात नव्हता. जळगावहून आलेल्या मंडळींनी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठेवली होती. रांग लागली होती, मीही उभी राहिले. सुरेख होती. आमचा बाफला म्हणजे तिचीच सख्खी बहीण: जाडसर कणकेचा गोळा आधी उकळत्या पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचा, मग फोडून तुपात बुडवायचा. माळव्याचा कडक गहू त्याला उत्तम. न उकडता थेट विस्तवात टाकली की राजस्थानची बाटी. पोटात भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू भरलं की बिहारची लिट्टी, तिच्यासोबतही वांगंच, पण चोखा म्हणून. पावसाळ्यात पाताळपाणीला नाहीतर जानापावला सहल निघाली की आमच्या मराठी मंडळींच्या डब्यात तुपाची बरणी आणि गाडीत गोवऱ्यांचं पोतं असतंच. जळगावहून बुऱ्हाणपूर, खंडवा, मग नर्मदा ओलांडून इंदूर. एका दिवसाची बस. या वाटेवर तो गोळा कुठल्या नाक्यावर मराठी असायचा थांबतो, ते दाखवा.

त्याच वाटेवरचं बुऱ्हाणपूर घ्या. मांडे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरांची पाठ आठवते. शब्द जुना आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त 'मंडक' आहे. खानदेशात मांडा म्हणजे उलट्या खापरावर टाकलेली पुरणाची भली थोरली पोळी. आणि बुऱ्हाणपुरात मांडा म्हणजे बिनपुरणाची, रुमालासारखी घडीची मोठी रोटी, दावतीत सालनाबरोबर खाल्ली जाते. शब्द एक, खापर साधारण तेच, एकीत पुरण, एकीबरोबर मटण. मला तर ती दोन्ही घरं एका आळीत राहत असावीत असंच वाटतं.

मटणाचं नाव निघालंच आहे. माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण मल्हारराव होळकरांच्या गावात 'मराठी खाद्यसंस्कृती'ची जत्रा भरते आणि तीन दिवसांत तांबडा रस्सा नाही, सुकटीची चटणी नाही, सावजी नाही, मालवणी नाही, हे मला खटकतं. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले साधारण ६० टक्के प्रौढ मांसाहारी निघाले होते. निम्म्याहून अधिक घर बाहेर ठेवून त्याला मराठी घर म्हणायचं? फक्त शाकाहारी ठेवायचं तर खुशाल ठेवा, मी येईन, पण पाटीवर 'शाकाहारी' एवढा शब्द वाढवा. स्वयंपाकघरात कोण काय शिजवतं यावरून आपल्याकडे माणसांना ओट्यावरसुद्धा बसू दिलेलं नाही. तो इतिहास पुरणपोळीखाली झाकू नका.

तुमचा मिलेटचा स्टॉल बघून मला हसावं की रडावं कळेना. ज्वारीचा पिझ्झा! २०२३ हे भारताच्याच प्रस्तावावरून भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून ही लाट आहे. माझी आजी देवासला रोज ज्वारीची भाकरी खायची, कारण तेव्हा माळव्याच्या खरिपात ज्वारी उभी असायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोयाबीन आलं. काळ्या मातीला मानवलं, शेतकऱ्याला रोख पैसा मिळाला. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच उभं राहिलं. ज्वारी आधी शेतातून गेली, मग डब्यातून, मग हातातून. आजी भाकरी दोन तळहातांवर थापायची, मला परातीत थापता येते, माझ्या सुनेला येत नाही. तिला कशी येणार, घरात पीठच नव्हतं. आज माझ्या पोह्यांना फोडणीही सोयाबीनच्याच तेलाची असते. ज्वारी परत आणायची तर भाकरी थापणारी एखादी म्हातारी स्टॉलवर बसवा आणि पोरींना तिच्यासमोर. पिझ्झा काय, होत राहील.

गंमत म्हणजे ज्या सोयाबीनने आमची ज्वारी खाल्ली ते आम्ही तेल आणि वड्या सोडता ताटात घेत नाही. नागा लोक तेच आंबवून अखुनी करतात. वास असा की शेजारी दार लावून घेतील, आणि चव अशी की नागा माणूस परगावी तिच्यासाठी झुरतो. तुमच्या 'भारताची चव' कोपऱ्यात ईशान्य भारताला काय होतं? मोमो. आठ राज्यांना मिळून एक मोमो. आसामचं आंबट टेंगा कुठे, मणिपुरी एरोम्बा कुठे! 'दक्षिण भारत' असाही एकच स्टॉल: इडली, डोसा. पाच राज्यांच्या पोटाला एक तवा. अहो, नुसती इडली धरली तरी एक नाही. कांचीपुरमच्या इडलीत मिरी, जिरं, सुंठ असते. मंगळूर-उडुपीकडे फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडतात. केरळात पालक्काडजवळच्या रामश्शेरीची इडली मडक्यावर कापड ताणून केलेली, चपटी. प्रत्येक राज्याला एक पदार्थ चिकटवून दिला की तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो खरा, पण तिकीट कोणी जेवत नाही.

मालकीचं भांडण सरकारदरबारीही झालंच की. रसगुल्ला कोणाचा यावरून बंगाल आणि ओडिशा वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर आले. २०१७ मध्ये 'बांग्लार रसोगोल्ला'ला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ मध्ये 'ओडिशा रसगोला'ला. दोघांनाही. एक पांढराशुभ्र आणि चेंडूसारखा उसळणारा, दुसरा मऊ, जरा तांबूस. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनालाही जे जमलं ते आपल्या समितीला का जमू नये?

म्हणून माझं मागणं. अर्जातला 'अस्सल महाराष्ट्रीय' हा रकाना काढा आणि त्या जागी दोन रकाने घाला: हा पदार्थ तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि कुठे. बस. कोणी लिहील कोल्हापूर, आजी. कोणी लिहील महू, लष्कराच्या वसाहतीतली पंजाबी शेजारीण. हीच माहिती स्टॉलच्या पाटीवर लावा, म्हणजे खाणाऱ्याला कळेल की तो काय खातोय. पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींना बोलवा, जरूर बोलवा, त्यांच्याशिवाय जत्रेला मजा नाही. पण इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरांतल्या बायकांनाही, आणि चुलीपाशी रमणाऱ्या बाप्यांनाही, एक रांग द्या. आमच्या दिवाळीच्या चिवड्यात जीरावन असतं आणि शेवेत रतलामसारखी लवंग. आमच्या आमटीला आमचूर असतं. तीनशे वर्षं होत आली इथे. एवढ्या काळात एखादं घर नुसतं पाहुणं म्हणून राहत नाही.

आणि तो सांबाराचा फलक काढू नका. फक्त त्याच्या शेजारी दुसरा लावा: 'बाफला? तोही.'

यंदाचा अर्ज मी भरला आहे. पदार्थ तेच तीन. 'पदार्थाचे मूळ गाव' या रकान्यात 'रामबाग, इंदूर' असं लिहिलं आहे. पुन्हा लाल शाई वापरायची असेल तर वापरा, पण या वेळी फोन करणाऱ्या मुलाला आधी माझ्याकडे नाश्त्याला पाठवा.

आपली,
रामबागेतली एक काकू

ता. क.: गराडू ठाऊक नसणाऱ्या समिती सदस्यांसाठी: कोनफळाच्या कुळातला कंद आहे. सोलताना हात खाजतात, म्हणून तेल लावून सोलायचा. तुकडे एकदा तळायचे, निवले की पुन्हा कडक तळायचे, वर मसाला आणि लिंबू. थंडीतच खावा. तुम्ही जत्रा मार्चमध्ये न्यायच्या विचारात आहात असं ऐकते. तसं करू नका, शिवरात्रीनंतर चांगला गराडू मिळत नाही. टेबल एकच पुरेल, शेगडी मी माझी आणीन.